वीतभर अंतर

मैत्रिणींनो, मुलांची जुनी नकाशावही अजून घरात असेल तर जरा काढा बघू. नसेल तर शेजारच्या मुलाकडून अर्ध्या तासाच्या बोलीवर मागून आणा. शिवणाच्या डब्यातला एक दोरा घ्या आणि महाराष्ट्राच्या पानावर दोन ठिपके शोधा, एक अकोल्याचा नि दुसरा नांदेडचा. दोऱ्याचं एक टोक अकोल्यावर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं नांदेडपर्यंत ताणा. आता हा दोरा मधे कोणत्या गावावरून गेला ते बघा. आमच्या वाशीमवरून!

अगदी काटेकोर बोलायचं तर गावाच्या पूर्वेला दोन-तीन किलोमीटरवरून तो जातो. पण नकाशाच्या मापात दोन-तीन किलोमीटर म्हणजे सुईचं टोक. तेवढं माझ्या पदरात टाका.

हा दोरा मी सहज ताणलेला नाही. अकोल्याला विमानतळ आहे, शिवणीचा. तो १९४३ सालचा, म्हणजे आपल्या सासूबाईंच्या वयाचा. नांदेडलाही विमानतळ आहे, श्री गुरू गोबिंदसिंगजींच्या नावाचा. या दोन्हींच्या मधे, जवळजवळ सरळ रेषेत, आमचं गाव. विमानांचे लोक अंतर मोजतात ते असंच, दोरा ताणून. त्यांना घाट नाही, नदी नाही, की फाट्यावर चहाला थांबणं नाही. या मोजणीने शिवणी ते नांदेड सुमारे १७० किलोमीटर. त्यातले शिवणी ते वाशीम ६६ आणि वाशीम ते नांदेड १०५. आमच्या नकाशावहीत एका सेंटिमीटरला पंचवीस किलोमीटर असं प्रमाण आहे, त्यावर हा दोरा भरतो जेमतेम सात सेंटिमीटर.

दोन पंख्यांचं ते ७२ आसनी विमान असतं ना, एटीआर म्हणतात ते, ते तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास पळतं. त्या हिशेबाने शिवणीहून नांदेडला वीस-पंचवीस मिनिटं. चढण्या-उतरण्यात विमानाचा वेग कमी असतो, तो वेळ धरला तरी अर्धा-पाऊण तास. आणि रस्त्याने? अकोल्याहून पातूरचा घाट चढायचा, मेडशी, मालेगाव, वाशीम, मग कनेरगाव, हिंगोली, वारंगा फाटा आणि नांदेड. सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, चार-साडेचार तास. आगगाडीने जावं तर ती पूर्णेला वळसा घालून जाते.

आता गंमत ऐका. या दोन विमानतळांमधे विमान जातच नाही. शिवणीला ठरलेल्या वेळेचं प्रवासी विमानच नाही. धावपट्टी आखूड आहे, ती लांबवायला शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन हवी, हा विषय आम्ही वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचत आलो. आणि उद्या धावपट्टी लांबली तरी अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी कुणी विमान सोडणार नाही. कारण विमानाचा खरा फायदा लांबच्या पल्ल्याला. जवळच्या पल्ल्यात ते उंची गाठतं न गाठतं तोच उतरायला लागतं.

आमच्याकडे भांड्याला येते ती बाई एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना वर बघून म्हणाली, “काऊन व बाई, इमान तं रोज आपल्या डोक्यावरून जाते, मंग उतरत काऊन नाई?” तिला काय सांगणार! आमच्या वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. जिल्हा झाला तोच मुळी १ जुलै १९९८ ला, तोवर आम्ही अकोल्यातले. हवेत राहणारा एक देव मात्र आमच्या जिल्ह्यात आहे. मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आहे. तिथली मूर्ती कशाचाही आधार न घेता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. दोन पंथांच्या वादामुळे १९८१ पासून ते मंदिर कुलपात होतं, ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. वाशीमला आलात तर बालाजीच्या दर्शनाबरोबर शिरपूरही करा. पण ते जाऊ द्या, मला आज सांगायचंय ते दुसरंच.

हे दोऱ्याचं खूळ माझं नाही, माझ्या आईचं. १९८६ साली माझं लग्न ठरलं तेव्हा आमचं घर मुलुंडला. “वाशीम? म्हणजे आपलं वाशी का?” असं चाळीतल्या निम्म्या बायकांनी विचारलं. आईनेही ते गाव ऐकलेलं नव्हतं. तिने धाकट्या भावाची नकाशावही ओढली, दोरा धरला मुंबईपासून वाशीमपर्यंत, मग तो दोरा आपल्या हातावर ठेवून पाहिला आणि म्हणाली, “एक वीतसुद्धा नाही ग! एवढंच तर आहे.” बाबा चष्म्यातून नुसते बघत राहिले.

आईचं माप चुकलेलं नव्हतं. मुंबईहून वाशीम सरळ रेषेत ४६० किलोमीटरच्या आसपास आहे. पण त्या वीतभर अंतराला लग्नानंतर पहिल्यांदा निघाले तेव्हा किती वेळ लागला सांगू? रात्रीच्या गाडीने अकोला, तिथे सकाळी उतरून छोट्या गाडीची वाट. तेव्हा आमच्याकडची लाइन मीटर गेजची होती. ती रुंद झाली २००८ साली. ती छोटी गाडी बार्शीटाकळी, जऊळका करत डोंगरातून अशी चालायची की बाहेरच्या बाभळी मोजाव्यात. घरातून निघाल्यापासून सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडेपर्यंत अठरा तास झाले होते. अंगावरच्या शालूची पार रया गेली होती.

पुढे विमानं वाढली, तिकिटं आवाक्यात आली, आमच्यासारख्यांच्या घरातही “विमानाने या ना, दीड तासाचं तर काम” असं म्हणायची पद्धत पडली. हे “दीड तासाचं काम” जे आहे ना, त्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय. आपण बायका स्वयंपाकाचा वेळ कधी असा मोजतो का? कांदेपोहे पाच मिनिटांत होतात. खरंच होतात, पण ती पाच मिनिटं कढईतली. कांदा चिरणं, मिरच्या, पोहे भिजवून निथळणं, शेंगदाणे, कोथिंबीर, मग पाहुण्यांच्या बशा, आणि शेवटी कढई घासणं, हे कुणाच्या हिशेबात? पुरुषमंडळी म्हणतात, “पोहेच तर करायचेत!” विमानाच्या तिकिटावर छापलेला वेळ तसाच असतो. विमान इथल्या जागेवरून हललं की मोजायला सुरुवात, तिथल्या जागेवर थांबलं की संपलं. तुमचा उंबरठा ते विमानाची शिडी आणि तिकडची शिडी ते आपल्या माणसाची खोली, हे त्यात कुठेच नाही. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

ऑगस्ट २०१९. शनिवारची रात्र, सव्वानऊ वाजले असतील. मुलुंडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. “आईला दवाखान्यात हलवलंय, छातीत दुखतंय म्हणते, डॉक्टर म्हणतात सगळ्यांना बोलावून घ्या.” फोन ठेवेपर्यंत अकोल्याच्या संध्याकाळच्या मुंबईच्या गाड्या हातच्या गेल्याच होत्या, कारण इथून अकोल्याला पोचायलाच दोन तास. नांदेडहून सोयीचं विमान त्या वेळेला नव्हतं. मुंबईपर्यंत मोटारीने जावं तर भर पावसाचे दिवस, तेव्हाचा रस्ता, चौदा-पंधरा तास तरी धरायला हवे होते. हे म्हणाले, “नागपूरहून सकाळचं विमान घे. दीड तासात मुंबई.” मला ते पटलं. त्या वेळी “दीड तास” हे शब्द इतके धीराचे वाटले म्हणता!

मग काय? तिकीट काढण्यात अर्धा तास गेला. टॅक्सीवाला रात्रीचा नागपूरला जायला तयार होईना, दुसरा मिळाला तो साडेबाराला दारात आला. मधल्या वेळात सासूबाईंच्या गोळ्या डब्यांत भरून ठेवल्या, दुधवाल्याला चिठ्ठी लिहिली, उद्याची कणीक तेवढी भिजवून ठेवली. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, पण हात थांबत नव्हते. साडेबाराला निघालो. मंगरूळपीर, कारंजा, अमरावती, तळेगाव, पुन्हा एक कारंजा, कोंढाळी. एका रात्रीत दोन कारंजे ओलांडले, एक लाडांचं, एक घाडग्यांचं. पाऊस संततधार. पावणेतीनशे-ऐंशी किलोमीटर आणि सहा तास. साडेसहाला नागपूरच्या विमानतळावर उतरले तेव्हा पाय सुजून चपलेचे बंद रुतले होते.

आता एक गोष्ट पाहा. मुंबई आमच्या पश्चिमेला. आणि मी रात्रभर पूर्वेकडे चालले होते! मुंबईपासून लांब लांब. विमान साडेआठच्या पुढे सुटलं. खिडकीची जागा मिळाली होती, खाली नुसते ढग. पुढे कधीतरी मी नकाशावहीवर नागपूर ते मुंबई दोरा ताणून बघितला. सहाशे ऐंशी किलोमीटर भरतो. तो दोरा वाशीमच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवरून जातो. म्हणजे विमान उडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत मी पुन्हा माझ्याच जिल्ह्याच्या शेजारून चालले होते. सहा तास खर्चून जेवढी पूर्वेला गेले होते, तेवढी वीस-पंचवीस मिनिटांत परत आले. खाली ढगांआड माझं घर, सासूबाई उठल्या असतील, कणकेवरचं फडकं काढलं असेल. आणि मी वर.

मुंबईला उतरून बॅग हाती येऊन टॅक्सीने दवाखान्याच्या दाराशी पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. बहिणीचा फोन आल्यापासून साडेचौदा तास. म्हणजे पावसातून मोटारीने सरळ मुंबईला निघाले असते तर लागला असता तेवढाच वेळ.

दाराशी धाकटा भाऊ उभा होता. तो दुबईला असतो. दुबई मुंबईपासून एकोणीसशे किलोमीटरच्या पुढे, वर समुद्र. बहिणीने त्याला फोन केला तेव्हा तिकडे पावणेआठ वाजले होते, कारण त्यांची घड्याळं आपल्या दीड तास मागे. त्याचं घर ते विमानतळ वीस मिनिटं. रात्रीचं विमान मिळालं, तीन तासांत मुंबई, पहाटे पाचला तो आईच्या उशाशी होता. आई त्याच्याशी बोलली. चहा मागितला तिने. मग विचारलं, “वाशीमची पोचली का?” तो म्हणाला, “येतेय, वाटेत आहे.” साडेनऊच्या सुमारास, म्हणजे मी वर ढगांत असताना, तिला पुन्हा त्रास झाला आणि नळ्या लावल्या. मी पोचले तेव्हा तिचा हात गरम होता, पण डोळे मिटलेले. चौथ्या दिवशी गेली. मधे एकदा बोटं हलली, ती माझ्या आवाजाने हलली असं बहीण म्हणते. मीही तसंच धरून चालते.

भाऊ त्या दिवशी बाकावर बसून एवढंच म्हणाला, “ताई, मी परदेशात आहे असं सगळे म्हणतात. पण तूच लांब आहेस ग.”

हे सारं तुम्हाला रडवायला लिहिलं नाही. तुमच्यापैकी पुष्कळजणी अशाच गावांत राहता. वाशीम घ्या, हिंगोली घ्या, बुलढाणा घ्या. जिथून विमान वरून जातं पण उतरत नाही. आणि तुमचीही माणसं पुण्या-मुंबईला, बंगळूरला, परदेशात पांगलेली आहेत. फोन आला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, जवळचा विमानतळ कोणता? तो प्रश्नच चुकीचा आहे, हे मला उशिरा कळलं. जवळच्या विमानतळावर आज, आत्ता, आपल्या कामाचं विमान आहे का, आणि सगळं धरून दारापासून दारापर्यंत किती तास, हे विचारायचं.

तेव्हापासून आमच्या भागात बदलही बरेच झाले, ते सांगायलाच हवेत. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा असे चढायचे रस्ते आहेत. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा तुकडा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा होऊन ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. आमणे म्हणजे भिवंडीजवळ, मुंबईच्या दारातच म्हणा ना. २०१९ साली ज्या नागपूरला मला सहा तास लागले तिथे आता सव्वातीन-साडेतीन तासांत पोचता येतं. दोन कारंजांपैकी एकच लागतं. मात्र त्या रस्त्यावर एक धोका आहे, तो सरळपणाचा. वळण नाही, चढ नाही, ड्रायव्हरला पेंग येते. रात्रीचं निघालात तर पुढच्या सीटवर तुम्ही बसा आणि बोलत राहा. माहेरच्या तक्रारी, भावजयीच्या गोष्टी, काहीही चालेल. निघण्यापूर्वी टायरमधली हवा बघून घ्यायला सांगा, आणि टायर जुने असतील तर ती गाडी नकोच. हे मी ड्रायव्हरला तोंडावर विचारते, त्याला राग आला तरी.

अमरावतीजवळ बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचं नियमित विमान सुरू झालं. तेच ७२ आसनी, पावणेदोन तासांच्या आसपास घेणारं. बेलोरा आम्हाला दोऱ्याने शंभर किलोमीटर, रस्त्याने एकशेतीसच्या घरात. पण सुरुवातीला ते आठवड्यातून तीनच दिवस होतं. नांदेडलाही तसंच. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेतून हैदराबादचं विमान सुरू झालं, पुढे मुंबई झाली, मग मधे सारं थंडावलं, २०२४ साली पुन्हा दुसऱ्या कंपनीची विमानं आली. लहान विमानतळांचं हे असं, भाजीवाल्यासारखं. आज मेथी आहे, उद्या नसेल. शिवाय लहान ठिकाणी रात्री उतरायची सोय असेलच असं नाही, आणि सकाळी धुकं पडलं की विमान मोठ्या गावी नेऊन उतरवतात. म्हणून लग्नामुंजीला जाताना, हाती दिवस असताना, बेलोरा किंवा नांदेड जरूर बघा, सुखाचा प्रवास होतो. पण मध्यरात्री फोन आला तर मोठा विमानतळ बरा, आमच्यासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. एक विमान चुकलं तर दुसरं मिळण्याची आशा तिथेच जास्त.

आता हिशेब कसा मांडायचा ते सांगते. वाण्याच्या यादीसारखाच मांडायचा, एकाखाली एक. आमचं मुंबईचं उदाहरण घ्या. गाडी बोलावून निघेपर्यंत एक तास. (तुम्ही म्हणाल, आम्ही दहा मिनिटांत निघतो. निघून दाखवा! गॅस बंद केला का हे बघायलाच आपण दोनदा मागे येतो.) नागपूरपर्यंत साडेतीन तास. विमानाच्या दोन तास आधी पोचायचं, कारण देशातल्या बहुतेक विमानांची सामान घेण्याची खिडकी सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि मग कितीही गयावया केली तरी उघडत नाही. विमानात दीड तास. बॅग येईपर्यंत अर्धा तास. मुंबईत घरापर्यंत एक तास, संध्याकाळ असेल तर दोन. झाले किती? साडेनऊ ते साडेदहा. आणि समृद्धीने सरळ मुंबई? तोच एक तास निघायचा, मग वाटेत चहा-जेवण धरून आठ-नऊ तास. म्हणजे मुंबईला जायचं तर आज आमच्या वाशीमकरणीने विमानाचा विचारच सोडावा, तिला रस्ताच बरा. पण दिल्ली, बंगळूर, कोलकाता म्हटलं की पारडं फिरतं, तिथे विमानाला तोड नाही. चारशे-पाचशे किलोमीटरच्या आत विमान आपला वेळ वाचवतंच असं नाही, त्यापुढे वाचवू लागतं. हा माझा घरगुती ठोकताळा आहे. ज्यांच्या घरापासून विमानतळ वीस मिनिटांवर आहे त्यांचा हिशेब वेगळा, त्यांनी माझं ऐकू नये.

दोऱ्याने अंतर काढायचं असेल तर नकाशावरचं प्रमाण बघून गुणावं. प्रमाण नसेल तर आडव्या-उभ्या रेषा असतात ना, त्यांतला एक अंश उत्तर-दक्षिण १११ किलोमीटर, आणि आपल्या भागात पूर्व-पश्चिम सुमारे १०४. नातवाला शिकवा, त्याला भूगोलात उपयोगी पडेल. मात्र अमेरिकेतल्या मुलीचं अंतर नकाशावहीवर मोजू नका, चुकेल. पृथ्वी गोल, पान सपाट. त्यासाठी पृथ्वीचा गोल हवा, त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा घट्ट ताणला की तो चक्क उत्तरेकडे वर चढतो, युरोपच्या माथ्यावरून. मला वाटलं होतं अरबी समुद्रावरून सरळ डावीकडे जात असेल!

राहता राहिलं सामान. आपल्या बायकांचा जीव त्यातच. घाईच्या प्रवासाला शक्यतो हातातली एकच पिशवी ठेवा, म्हणजे उतरल्यावर पट्ट्यापाशी अर्धा तास उभं राहावं लागत नाही. त्या दिवशी माझ्या मोठ्या बॅगेत काय होतं विचारू नका. आईला आवडते म्हणून तुरीची ताजी डाळ होती दोन किलो! निवांत जात असाल तर लोणचं, तूप, मिरचीची पूड, शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीतून ते काढून घेतात. बरणीच्या तोंडाला आधी प्लॅस्टिक, मग झाकण, मग पुन्हा प्लॅस्टिक आणि वर जुन्या साडीचा तुकडा. वजन किती चालतं ते तिकिटावर छापलेलं असतं, लहान विमानात ते कमी असू शकतं, म्हणून घरच्या काट्यावर आधी तोलून घ्या. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मुंबई, पुणे, बंगळूर अशी तीन गावं आणि प्रत्येकापुढे तास. किलोमीटर लिहिलेलेच नाहीत. रात्रीचा येणारा टॅक्सीवाला, त्याचे दोन नंबर. शेजारच्या वहिनींचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्यांची यादी, घराची दुसरी किल्ली कुठे आहे ते. सगळं पेन्सिलीने, कारण विमानांचे वार आणि वेळा बदलतात, दर दोन महिन्यांनी मुलाकडून बघून घेऊन खोडते आणि नव्याने लिहिते.

माझी मुलगी बंगळूरला आहे. तिला सातवा लागलाय, आणि बाळंतपण तिथेच करायचं असं दोघांनी ठरवलंय. परवा फोनवर म्हणाली, “आई, दुखायला लागलं की लगेच फोन करते. विमानाने तर तुला दोन तास लागतात.”

मी कपाट उघडून कागद बघितला. “साडेदहा तास,” म्हटलं. “आणि विमान लगेच मिळालं तर.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग तू आठव्यातच ये.”

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेचं तिकीट काढलंय, नागपूरहून. डिंक आणि अळीव आणून ठेवलेत, लाडू जायच्या आदल्या दिवशी वळेन.